मालकाची खोडी काढणारा निवेदक

१९७५ सालचं लंडन. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. नव्या गाण्याची टेप एका रेडिओ निवेदकाच्या हाती पडते. गाणं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, लांबी पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. एवढं लांबलचक गाणं रेडिओवर कुणी लावणार नाही, असं रेकॉर्ड कंपनीचं ठाम म्हणणं. त्यामुळे निवेदकाला बजावलेलं, तू ऐक, पण लावू नकोस. सांगणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की हा गप्प बसणाऱ्यांतला नाही.

हा निवेदक म्हणजे कॅपिटल रेडिओचा केनी एव्हरेट. त्याने आधी गाण्याचा जेमतेम एक तुकडा ऐकवला आणि बोट घसरल्याचा बहाणा केला. मग आणखी एक तुकडा, मग अख्खं गाणं. शनिवार-रविवार मिळून चौदा वेळा. सोमवारी लोक दुकानात जाऊन रेकॉर्ड मागू लागले, आणि रेकॉर्ड तर अजून निघालीच नव्हती! ३१ ऑक्टोबरला गाणं न कापता बाहेर आलं आणि पुढे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

रेडिओवरच्या थट्टामस्करीचा आढावा मी याच खोडीपासून घेईन. फजिती झाली ती कंपनीतल्या साहेबांची. श्रोत्यांच्या पदरात मात्र एक थोर गाणं पडलं. एव्हरेटच्या सगळ्या चांगल्या खोड्यांचा रोख असाच वरच्या दिशेने असे.

त्याचं खरं नाव मॉरिस कोल, जन्म लिव्हरपूलजवळ, २५ डिसेंबर १९४४ चा. त्याच्या तरुणपणी ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे बीबीसी, आणि तिथे रेकॉर्डी किती तास वाजवायच्या यावर कडक मर्यादा. पोरांना हवी ती गाणी सरकारी हद्दीबाहेर नांगर टाकलेल्या बोटींवरून यायची. अमेरिकी नौदलाची सुरुंग काढणारी एक जुनी बोट ‘गॅलक्सी’ या नावाने एसेक्सच्या किनाऱ्यासमोर उभी राहिली आणि १९६४ च्या डिसेंबरात तिच्यावरून ‘रेडिओ लंडन’ सुरू झालं. तिथे केनी आणि डेव्ह कॅश यांची जोडी जमली. एका अमेरिकी धर्मोपदेशकाचा प्रायोजित कार्यक्रम केंद्राला चांगला पैसा मिळवून देत होता. केनीने त्याचीच टर उडवायला सुरुवात केली. नोकरी गेली. पुढे परत बोलावणं आलं, आणि १९६६ साली बीटल्सच्या अमेरिका दौऱ्याचं वार्तांकन करायला केंद्राने त्यालाच धाडलं.

१९६७ मध्ये कायदा करून सरकारने या बोटींची कोंडी केली. त्याच वर्षी बीबीसीने रेडिओ वन काढलं आणि बोटींवरच्या बऱ्याच पोरांना कामावर घेतलं. त्यांत केनीही होता. तीन वर्षांनी बातमी आली, की वाहतूकमंत्र्यांच्या पत्नी गाडी चालवण्याची परीक्षा पास झाल्या. परीक्षकाच्या हातावर पाच पौंड ठेवले असतील, असं केनी माइकवर बोलून गेला. पुन्हा घरी!

त्याचं बोलणं ऐनवेळी सुचल्यासारखं वाटे. त्यामागची मेहनत मात्र प्रचंड होती. घरच्या स्टुडिओत तो एका टेपवर आपला आवाज भरायचा, तो वाजवत दुसऱ्या टेपवर दुसरा सूर चढवायचा, मग तिसरा, चौथा. दर थराला खरखर वाढत जाते, म्हणून पातळ्या सांभाळत सगळं पुन्हा पुन्हा करायचं. मग ब्लेडने टेप कापायची, नको तो श्वास काढून टाकायचा आणि टोकं चिकटपट्टीने जोडायची. एवढं केल्यावर एकट्याच्या गळ्यातून अख्खा गायकवृंद उभा राहायचा, आणि तो वाजायचा जेमतेम काही सेकंद. बीटल्सनी चाहत्यांसाठी काढलेल्या १९६८ आणि १९६९ च्या नाताळ-रेकॉर्डींचं संकलन त्याच्याकडे सोपवलं, ते उगीच नव्हे. कॅपिटलवरची ‘कॅप्टन क्रेमेन’ ही अंतराळमालिकाही याच कसबातून घडली.

१९७७ साली त्याने श्रोत्यांनाच कटात ओढलं. सगळीकडे लोकप्रिय गाण्यांच्या याद्या. याने सर्वांत भिकार तीस गाण्यांसाठी मतं मागवली! श्रोत्यांनी जिमी क्रॉसच्या ‘आय वॉन्ट माय बेबी बॅक’ला पहिला मान दिला. गाणी निवडून श्रोत्यांच्या गळ्यात मारणाऱ्या व्यवस्थेची इतकी मनमोकळी खिल्ली मला दुसरीकडे दिसलेली नाही.

आणि म्हणूनच १९८३ ची गोष्ट मला फार सलते. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत सत्ताधारी हुजूर पक्षाच्या तरुणांच्या सभेत तो व्यासपीठावर गेला आणि एकोणसत्तर वर्षांच्या विरोधी नेत्याची, मायकेल फूट यांची, काठी लाथेने उडवायची भाषा करून आला. सभागृह हसलं. पण काठीच्या आधाराने चालणाऱ्या म्हाताऱ्यावर सत्तेच्या मांडीवर बसून केलेली ती थट्टा होती. त्याच्यासारख्या माणसाला ती शोभली नाही.

हसू कुणाच्या जिवावर आणायचं, याचं भान सुटलं की काय होतं ते २०१२ च्या डिसेंबरात जगाने पाहिलं. सिडनीच्या ‘टूडे एफएम’वरच्या दोन निवेदकांनी राजघराण्यातली माणसं असल्याचं सोंग करून लंडनच्या एका रुग्णालयात फोन लावला. फोन जोडून देणाऱ्या परिचारिकेने काही दिवसांतच जीव दिला. त्या बाईचा या खेळाशी काडीचा संबंध नव्हता. ती आपली नोकरी करत होती. आपल्याकडे फोनवरून अनोळखी माणसाला ‘मुर्गा’ बनवणारे कार्यक्रम एफएमवर लोकप्रिय झाले, तेव्हाही मला पलीकडच्या माणसाच्या आवाजातला गोंधळच आधी ऐकू यायचा.

एव्हरेट ४ एप्रिल १९९५ ला एड्सने गेला, अवघ्या पन्नासाव्या वर्षी. टेलिव्हिजनने त्याला अफाट प्रसिद्धी दिली, तरी मला तो रेडिओचाच माणूस वाटतो. नव्याने ऐकायचा असेल तर ‘कॅप्टन क्रेमेन’चा एखादा भाग हेडफोन लावून ऐका, आणि एकट्या माणसाने त्यात किती आवाज पेरलेत ते मोजून पाहा.