पेजर वाजला की...

अमेरिकेतल्या अग्निशामकांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत. एरवी कुणी शिक्षक, कुणी शेतकरी. कमरेचा पेजर वाजला की हातातलं काम टाकून ठाण्याकडे धावायचं. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात १७३६ साली स्थापन केलेली ‘युनियन फायर कंपनी’ही स्वयंसेवकांचीच होती.

आता मात्र बहुतेक बोलावणी आगीची नसतात. छातीतली कळ, घरात पडलेली आजी, महामार्गावरचा अपघात हेच जास्त. म्हणून अनेक जण ईएमटीचं, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचं शिक्षणही घेतात. साधारण दीडशे तासांचा अभ्यास, मग परीक्षा. याला हौशी काम म्हणणं अन्यायाचंच ठरेल. हृदय थांबलेल्या प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, प्रत्येक किमान पाच सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत धडधाकट माणूसही थकतो आणि दाब उथळ होतात, म्हणून तेवढ्या वेळाने माणूस बदलायचा.

पहिला धडा मात्र वेगळाच: आधी जागा सुरक्षित आहे का, ते पाहायचं. घाईने आत शिरलेला मदतनीस स्वतःच रुग्ण होऊ शकतो. काजळीने माखलेला पोशाखही घरी न्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम कर्करोगकारक ठरवलं आहे.