तक्त्यातला कोठा



नोकरदाराचा पगार आज संगणकावरच्या तक्त्यातून निघतो. पुष्कळांना त्यातला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य वाटते. तो आकडा कोठून येतो, एवढेच आज पाहावयाचे आहे. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. ज्याला आगगाडीचे वेळापत्रक वाचता येते, त्याला हेही येईल. स्टेशनाची आडवी ओळ धरावी, गाडीचा उभा रकाना धरावा. दोन्ही जेथे मिळतात तेथे वेळ सापडते.

केंद्र सरकारच्या नोकरांना सातव्या वेतन आयोगाचा तक्ता १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, तो याच घडणीचा. प्रत्येक वेतनस्तराला एक उभा रकाना, आणि त्यात वरून खाली एकेका वेतनवाढीचे कोठे. पहिल्या स्तरात आरंभी १८,००० रुपये, त्याखाली १८,५००, त्याखाली १९,१००. वाढ सुमारे ३ टक्क्यांची.

संगणकावर हा कोठा दोन सूत्रे मिळून शोधतात. एकाचे नाव ‘मॅच’. दिलेली गोष्ट यादीत कितवी आहे, ते हे सूत्र सांगते. दुसरे ‘इंडेक्स’. अमुक ओळ आणि अमुक रकाना असे दोन क्रमांक दिले की ते त्या कोठ्यातली रक्कम आणून देते. म्हणून ‘मॅच’ दोनदा वापरावे, एकदा ओळीसाठी व एकदा रकान्यासाठी, आणि दोन्ही क्रमांक ‘इंडेक्स’च्या हवाली करावेत. मोजणी मात्र दोघांची एकाच कोपऱ्यापासून हवी. एकाने मथळ्याची ओळ धरली व दुसऱ्याने सोडली, की उत्तर एक घर घसरते.

आता पोटाशी संबंध येतो तो भाग. चौथ्या स्तरात २८,७०० रुपये मूळ वेतन घेणाऱ्याला पाचव्या स्तरात बढती मिळाली. नियम असा, की आधी जुन्या स्तरात एक वेतनवाढ द्यावी. ती रक्कम होते २९,६००. मग नव्या स्तरात तेवढ्याच रकमेचा कोठा पाहावा, आणि तो नसेल तर लगतचा वरच्या रकमेचा घ्यावा. पाचव्या स्तराचे पहिले दोन कोठे २९,२०० आणि ३०,१०० यांचे आहेत. अर्थात हक्काची रक्कम ३०,१००.

‘मॅच’ला जुळणी कशी करावयाची, हेही सांगावे लागते. शून्य लिहिले तर ते तंतोतंत रक्कम शोधते, आणि ती नसल्याने चूक दाखवून थांबते. काहीच लिहिले नाही, तर चढत्या यादीत २९,६०० पेक्षा मोठी नसलेली जवळची रक्कम धरते, म्हणजे २९,२००. दरमहा ९०० रुपये गेले, वर्षाचे १०,८००. शिवाय महागाई भत्ता मूळ वेतनावरच निघतो. आणि हे सारे मुकाट्याने होते, पडद्यावर कसलीच चूक दिसत नाही.

उपाय सोपा आहे. रकान्यात २९,६०० हून लहान कोठे किती, ते ‘काउंटइफ’ने मोजावे व त्यात एक मिळवावा. लहान कोठा एकच. म्हणून दुसरा कोठा, ३०,१००. तंतोतंत रक्कम असती, तर याच रीतीने तीच सापडली असती.

संगणक विचारल्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्न नियमाला धरून विचारला की नाही, हे आपणच पाहिले पाहिजे. तेव्हा बढतीनंतरचे पहिले पगारपत्रक हाती आले, की आपला स्तर कोणता आणि कोठा कितवा हे विचारा, आणि छापील तक्त्यावर बोट ठेवून पडताळून पाहा.