थंड इंजिनाची कुरकुर



वैशाखाच्या या उकाड्यात मी आपल्यापुढे थंड इंजिनाची गोष्ट सांगायला उभा आहे, याचे काहींना हसू येईल. पण इंजिनाचे थंड निराळे आणि आपले थंड निराळे. धावत्या मोटारीच्या इंजिनातील पाणी साधारण 90 अंशांवर असते. त्या मानाने रात्रभर उभी राहिलेली गाडी वैशाखातही थंडच म्हणायची. आणि निफाडचा पारा वर्तमानपत्रांत छापून येऊ लागतो त्या दिवसांत तर ती विशेष थंड. तेव्हा विषय बारमाही आहे.

शिर्डीकरांना तो नवाही नाही. काकड आरतीच्या सुमारास लॉजच्या अंगणांतून गाड्या सुरू होऊ लागतात. त्यांतली एखादी सुरू होताच खडखडते. चार माणसे भोवती जमतात. एक म्हणतो टॅपेट वाजतात, दुसरा म्हणतो बेअरिंग गेले, तिसरा म्हणतो काही नाही हो, चालू द्या. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न पैशाचा आहे, आणि कधी कधी जिवाचाही. दुसऱ्याचे ऐकून धडधाकट इंजिन उतरवले तर हजारो रुपये पाण्यात गेले. तिसऱ्याचे ऐकून आजारी इंजिन समृद्धी महामार्गावर घातले तर त्याहून वाईट. नागपूर ते शिर्डी हा त्या रस्त्याचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि शंभरावर वेग ही आपल्याकडे नित्याची बाब झाली. त्या वेगात इंजिन धरले, तर मागून येणाऱ्यालाही ते भोवते.

मग आवाज ओळखायचा कसा? वैद्य नाडी पाहण्यापूर्वी विचारतो, कधीपासून दुखते, किती वेळ दुखते, कशाने वाढते? मोटारीलाही हेच तीन प्रश्न विचारायचे. आवाज सुरू होताच येतो की थोड्या वेळाने? किती टिकतो? आणि इंजिन तापल्यावर कमी होतो की वाढतो? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

पहिला प्रकार क्षणिक आवाजाचा. गाडी रात्रभर उभी असली की इंजिनातले तेल वरच्या भागांतून निथळून खालच्या टाकीत जमते. सकाळी सुरू करताच पंप ते पुन्हा वर चढवतो. पण तोपर्यंतचे दोन-चार सेकंद वरचे भाग जवळजवळ कोरडे असतात. अनेक नव्या इंजिनांत टॅपेट आणि साखळीचा ताण सांभाळणारे खटके तेलाच्या दाबावरच चालतात. दाब नाही तोवर टॅपेट टिकटिकतात, साखळी खळखळते. तेल पोहोचले की सारे शांत. असा आवाज तीन-चार सेकंदांत विरला तर घाबरू नये. तो रोज लांबू लागला, तर मात्र तेलाची पातळी पाहावी, तेल बदलून किती दिवस झाले ते आठवावे. तेलाच्या फिल्टरमध्ये तेल मागे ओघळू न देणारी एक रबरी झडप असते. हलक्या फिल्टरमध्ये ती लवकर निकामी होते. एवढ्याशा झडपेपायी इंजिन खोलण्याची वेळ आणू नये.

दुसरा प्रकार काही मिनिटे टिकणारा. हा समजायला थोडे गणित लागते. बहुतेक मोटारींतले दट्ट्ये ॲल्युमिनियमचे असतात आणि अनेक इंजिनांत ते लोखंडी नळकांड्यात वरखाली होतात. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते. 70 मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या 100 अंशांनी तापला तर साधारण 0.16 मिलिमीटर फुगतो; नळकांडे तेवढेच तापले तर 0.08. फरक केसाच्या जाडीएवढा. म्हणजे थंडपणी दट्ट्या थोडा ढिला असतो आणि नळकांड्याच्या भिंतीवर आपटून बोदा, ठकठक असा आवाज करतो. तापल्यावर घट्ट बसतो आणि गप्प होतो. झिजलेल्या इंजिनात हा आवाज ठळक येतो. ते वयाचे लक्षण आहे. तेल कमी होत नसेल आणि निळा धूर निघत नसेल, तर अशी गाडी पुष्कळ वर्षे चालते.

याच गटात आणखी एक फसवा आवाज आहे. धुराच्या नळीचा सांधा इंजिनाशी जिथे जोडलेला असतो, तिथे फट पडली तर थंडपणी फट्‌फट्, टिक्‌टिक् असे ऐकू येते. लोक त्याला टॅपेट समजतात. लोखंड तापून फुगले की फट मिटते आणि आवाज थांबतो. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला, तर निदान झालेच म्हणा.

डिझेलची गाडी सकाळी जास्त खडखडते, यातही नवल नाही. थंड हवेत फवारलेले डिझेल पेटायला किंचित उशीर लागतो. तेवढ्या वेळात साचलेले इंधन मग एकदम भडकते, त्याचा हा दणका. मिनिटा-दोन मिनिटांत तो मावळला पाहिजे.

सुरू करताच कानठळ्या बसवणारी किंकाळी आली, तर संशय पट्ट्यावर घ्यावा. रात्री दंव पडलेले असते, आणि इंजिन सुरू करताना खर्च झालेली वीज बॅटरीत परत भरण्याचे ओझे त्याच वेळी पट्ट्यावर पडते. म्हणून तो घसरतो. पट्टा जुना असेल तर बदलावा, ढिला असेल तर ताणून घ्यावा. पण तो पुढे ढकलू नये. तुटला तर बॅटरी भरणे थांबते आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही बंद पडतो.

आता तिसरा प्रकार, ज्यासाठी मी इतका वेळ आपल्याला बसवून ठेवले. जो आवाज इंजिन तापल्यावर वाढतो, खोलवरून येतो, आणि वेग वाढवताना ठण्‌ठण् असा जोर धरतो, तो बेअरिंगचा असू शकतो. कारण सरळ आहे. थंड तेल दाट असते, झिजेने पडलेली पोकळी ते भरून काढते. तापले की पातळ होते आणि धातू धातूवर आदळतो. सोबत तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकला, तर क्षणभरही विचार न करता गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. हा दिवा सकाळी सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत विझलाच पाहिजे.

ही गोष्ट मी पदरचे पैसे मोजून शिकलो आहे. तरुणपणी एका जुन्या गाडीत तो दिवा वळणावर लुकलुके. वायर ढिली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. टाकीत तेल इतके कमी होते की वळणावर ते एका बाजूला जाई आणि पंप हवा ओढी. लिटरभर तेलाने भागले असते. मी संबंध क्रँक घासून आणला.

तपासणी घरच्या घरी किती करता येते? पुष्कळ. सकाळी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागी, तेलाची कांडी काढून पाहावी. रात्रभरात सारे तेल खाली आलेले असते. मग सुरू करून घड्याळ पाहावे. वातानुकूलन बंद करून पाहावे. आवाज थांबला तर दोष त्या यंत्रणेत. पंखा बंद केल्यावर फडफड थांबली, तर आत झाडाचे पान गेले असेल. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे इंजिनाच्या भागांजवळ फिरवले, की आवाजाचे ठिकाण सापडते. रने लेनेक या फ्रेंच वैद्याने 1816 मध्ये कागदाच्या सुरळीतून रोग्याची छाती ऐकली, त्यातलाच हा प्रकार. मात्र पदर, उपरणे, मोकळे केस पट्ट्यापासून दूर असू द्यावेत आणि बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

शेवटची अडचण सर्वांनी अनुभवली असेल. रोगी वैद्याच्या दारात बरा होतो, तशी गाडी गॅरेजपर्यंत जाताना तापते आणि आवाज नाहीसा होतो. मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, काहीच तर नाही!’ त्याचे खोटे नसते. यावर दोन उपाय. पहाटेचा आवाज मोबाईलमध्ये टिपून घ्यावा. आणि गाडी आदल्या संध्याकाळीच मिस्त्रीकडे ठेवून, सकाळी त्याच्या देखत पहिल्यांदा सुरू करावी. इंजिन उतरवायचे असे कोणी म्हणालाच, तर आधी तेलाचा दाब मापकाने मोजून दाखवा म्हणावे. जाणता मिस्त्री याला राग मानत नाही.

उद्या पहाटे आपली गाडी कुरकुरली, तर भोवती जमलेल्या तिघांचे म्हणणे जरूर ऐका. पण त्याआधी दोन मिनिटे तिचे ऐका.