मोतीबिंदूनंतरचे धुके

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निर्वेधपणे पार पडली, पट्टी सुटली, आणि तरीही समोरचे सारे धुक्यात बुडालेले दिसते, असा अनुभव पुष्कळ रोग्यांना येतो. डोळा हातचा गेला, अशी धास्ती घरची मंडळी घेतात. वस्तुतः गढूळ झालेले नेत्रभिंग निघालेले असते आणि त्या जागी कृत्रिम भिंगही बसलेले असते. मग हे धुके येते कोठून? पहिल्या दिवसांत बहुधा ते पारपटलातून येते.

बुबुळाच्या पुढे, घड्याळाच्या काचेप्रमाणे असलेला पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्याच्या आतल्या बाजूस षट्कोनी पेशींचा एकच थर मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे पसरलेला असतो. डोळ्याच्या पुढील कप्प्यातले पाणी पारपटलात सतत झिरपत असते, आणि हा थर ते अहोरात्र उपसून काढीत असतो. हे काम मंदावले की पारपटल पाण्याने फुगते, त्यातील तंतूंची मांडणी विस्कटते, प्रकाश विखुरतो व काच धुरकट होते.

तरुणपणी या थरात दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,५०० ते ३,००० पेशी असतात. माणसाच्या डोळ्यात यांतील नष्ट झालेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत. शेजारच्या पेशी ताणून मोठ्या होतात आणि उघडी पडलेली जागा झाकतात. जखम भरून आली असे आपण म्हणतो खरे, पण येथे तो तुटीतला संसार असतो. पेशींची संख्या ५००च्या आसपास आली, म्हणजे उरलेल्यांना पाणी उपसणे झेपेनासे होते.

अमेरिकेतील चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली ध्वनितरंगांनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत काढली. तिच्यामुळे छेद दोनतीन मिलिमीटरवर आला व टाके टळले. परंतु मोतीबिंदू जितका कठीण, तितकी अधिक ऊर्जा लागते व त्या नाजूक थराला झळ पोहोचते. तिचे संरक्षण व्हावे म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात एक चिकट, पारदर्शक द्रव भरतात. मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ हा आपल्याकडील जुना सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला आहे. आज तो पाळणारा माणूस पारपटलाचे नुकसानच ओढवून घेतो.

सामान्यतः धुके पहिल्या सकाळी दाट असते आणि काही दिवसांत विरते. सूज उतरावी म्हणून दिलेले थेंब बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. छेदामुळे पारपटलाची वक्रता किंचित बदलते. ती स्थिरावल्यावर, सुमारे महिनाभराने, चष्म्याचा क्रमांक ठरवितात. डोळ्यात खडा गेल्यासारखे वाटते, कारण बारीक मज्जातंतू कापले गेलेले असतात. रंगही निळसर भासतात. पिवळे पडलेले भिंग निळा प्रकाश अडवीत असे, तो अडसर गेलेला असतो. चित्रकार क्लोद मोने यांनी १९२३ साली शस्त्रक्रियेनंतर रंगांविषयी अशीच तक्रार केली होती.

याउलट, सुधारलेली दृष्टी पुन्हा झपाट्याने मंद झाली, डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. महिन्यांनी वा वर्षांनी येणाऱ्या धूसरपणात बहुधा पारपटलाचा दोष नसतो. कृत्रिम भिंगामागचे आवरण गढूळ झालेले असते, व लेसरने ते काही मिनिटांत मोकळे करता येते.

पारपटल कायमचे सुजून राहिले तर पूर्वी ते सबंध बदलावे लागे. आता मृत्यूनंतर कोणी दान केलेल्या नेत्रातून केवळ तो आतला थर, त्याच्या पातळ आवरणासह, काढून बसविता येतो. टाके न घालता हवेच्या बुडबुड्याने तो जागी दाबून धरतात, आणि बुडबुडा वरच राहावा म्हणून रोग्याला काही काळ उताणे निजवितात.