चिकटण्याआधी

आषाढात मलकापुरात काही वाळत नाही. आंबा घाटाकडून आलेली एक सर ओसरेपर्यंत दुसरी येते. तिथल्या रुग्णालयाच्या लहानशा ऑपरेशन थिएटरात मात्र ऑटोक्लेव्हच्या ड्रममधून निघालेले हिरवे कपडे कडकडीत कोरडे होते. कपडा ओला राहिला की जंतू त्यातून आरपार जातात, म्हणून सिस्टर प्रत्येक घडी दाबून बघत होत्या.

टेबलावर हर्नियाचा पेशंट. कमरेत भूल दिलेली, त्यामुळे जागा. रोपलावण अर्धी राहिल्याचं पुन्हा पुन्हा सांगत होता.

हर्नियावर बसवायच्या जाळीचं पाकीट अगदी शेवटी फोडलं. त्याआधी डॉक्टरांनी हातमोजे बदलले. पॉलिप्रॉपिलिनची पांढरी जाळी, 15 बाय 7.5 सेंटिमीटर. चिमट्यात धरून, कातडीला कुठेही न लागू देता ती थेट आत गेली. एवढं सोवळं कशासाठी? स्टॅफिलोकॉकस जंतू आपल्याच कातडीवर राहतात. धाग्याला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात, आणि मग सलाइनमधून दिलेलं औषध त्यांना पुरेसं लागू पडत नाही. कित्येकदा जाळीच काढावी लागते. पिळाच्या धाग्यातल्या फटीत एक मायक्रॉनचा जंतू शिरतो, त्याला गिळणारी आपली मोठी पेशी शिरू शकत नाही. म्हणून जाळी एकेरी धाग्याची आणि मोठ्या भोकांची घेतात.

औषध जाळीवरच लेपलं तर जंतूंना चिकटण्याआधीच गाठता येतं. पेसमेकरसारख्या यंत्रांभोवती घालायच्या जाळीच्या पिशवीवर रिफॅम्पिसिन आणि मिनोसायक्लिनचा लेप असतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या पिशवीच्या चाचणीत, जवळपास 7,000 रुग्णांमध्ये, वर्षभरातला मोठा जंतुसंसर्ग 1.2 टक्क्यांवरून 0.7 टक्क्यांवर आला. हे मला मोलाचं वाटतं. तरी रिफॅम्पिसिन हे आपल्याकडे क्षयावरचं हुकमी औषध आहे. त्याची धार बोथट होऊ नये म्हणून ते सरसकट प्रत्येक हर्नियात वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि किंमत? दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं, ते खेड्यातल्या माणसाला महागडी जाळी परवडत नव्हती म्हणूनच. लेपाची जाळी करणाऱ्यांनी हा खेड्यातला माणूस डोळ्यांपुढे ठेवावा.

शेवटचा टाका पडला. स्ट्रेचरवर घेताना पेशंटनं पुन्हा रोपाचं काढलं.

"काका, यंदा रोप भावाला लावू दे," सिस्टर म्हणाल्या. "चिखलात उतरायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि पट्टी भिजली तर त्याच दिवशी इकडं यायचं."