साक्रीचा मे महिना, जुना डेस्कटॉप आणि पंख्याची निवड

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी रोज दुपारी एकच वाद व्हायचा: कूलर कुठल्या खोलीत? पुढच्या खोलीत आजी झोपते, म्हणून कूलर तिथे. मागच्या खोलीत मी आणि माझा डेस्कटॉप, डोक्यावर तापलेला स्लॅब आणि गरगरणारा छताचा पंखा. एका दुपारी चाळीस तासांची एक गणना एकतिसाव्या तासाला कोसळली. मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. मी डोक्याला हात लावून बसले, तर आजी दारातून म्हणाली, "काय व्हयनं? तुना मशीनले ऊन लागी गयं का वं?"

निदान अगदी बरोबर होतं. मला ते कळायला आणखी तीन आठवडे आणि तीन फॅनचे पैसे लागले.

आधी मशीनबद्दल. मामाकडून आलेला हा डेस्कटॉप, आत इंटेलचा कोअर आय-५ २५००के. हा प्रोसेसर जानेवारी २०११ चा. चार कोअर, ९५ वॅट. नावातला शेवटचा 'के' महत्त्वाचा, कारण त्यामुळे याचा वेग आपल्याला हाताने वाढवता येतो. मात्र मदरबोर्डही तसा लागतो. पी६७ किंवा झेड६८ चिपसेट असेल तर जमतं, त्या काळचा स्वस्त एच६१ असेल तर विसरा. माझं काम झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू कसे चिकटतात याची गणना करायचं, क्वांटम एस्प्रेसो या मोफत सॉफ्टवेअरवर. क्लस्टरवर रांग असते, म्हणून छोट्या गणना घरी. नवा संगणक घ्यायला फेलोशिपचे पैसे वेळेवर यायला हवेत, त्यामुळे ओव्हरक्लॉकिंग. चारही कोअर कामाला लागले की ३.४ गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर मी ४.४ वर नेला.

वेग वाढला की उष्णता किती वाढते? इथेच पहिली चूक होते. वेग २९ टक्के वाढला म्हणजे उष्णताही २९ टक्के वाढेल, असं वाटतं. पण जास्त वेगाला व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि चिपची उष्णता साधारणपणे वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात जाते. माझं व्होल्टेज १.२० वरून १.३२ झालं. गणित केलं तर उष्णता १.५७ पट. मूळचे ९५ वॅट धरले तर जवळपास १४९ वॅट. नखाएवढ्या सिलिकॉनमधून दीडशे वॅट! आपल्या जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा जास्त.

आता फॅन. फॅन काहीही 'थंड' करत नाही. तो फक्त गरम हवा ढकलून तिच्या जागी खोलीतली हवा आणतो. म्हणून चिपचं तापमान म्हणजे तीन गोष्टींची बेरीज: खोलीचं तापमान, अधिक कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा जितकी गरम तो फरक, अधिक हीटसिंकचा फरक. साधारण टॉवर हीटसिंक आणि १२० मिलिमीटरचा फॅन असेल तर दर वॅटमागे ०.३ अंश धरा. १४९ वॅटला झाले ४५ अंश. कॅबिनेटचे ८. म्हणजे बेरीज ५३, अधिक खोली.

इंटरनेटवर फॅनच्या ज्या चाचण्या आपण बघतो त्या बावीस-पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. त्यांचं उत्तर २२ अधिक ५३, म्हणजे ७५. छान. माझ्या मागच्या खोलीत मेच्या दुपारी ४० अंश. उत्तर ९३. हा प्रोसेसर ९८ च्या आसपास स्वतःहून वेग कमी करायला लागतो, आणि त्याच्या आधीच, वाढवलेल्या वेगाला व्होल्टेज काठावरचं असेल तर, चुका करायला लागतो. गरम ट्रान्झिस्टर मंद होतो. थंडीत जे व्होल्टेज पुरलं ते उन्हाळ्यात पुरत नाही. मी सगळं सेटिंग जानेवारीत केलं होतं.

तेव्हा परीक्षणातला फॅनचा आकडा बघताना 'चिप किती अंशांवर' हे बघू नका, 'खोलीपेक्षा किती अंश वर' हे बघा. मग त्यात साक्री मिळवा.

पण मी आधी काय केलं, तर बाजारात जाऊन तीन फॅन आणले. रंगीत एलईडीचे, खोक्यावर मोठ्या अक्षरात '९० सीएफएम'. सीएफएम म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा. लावले, मशीन गणपतीच्या मंडपासारखं उजळलं आणि तापमान दोन अंशांनी उतरलं. दोन!

का, ते समजून घेताना मला पप्पांची विहिरीवरची मोटर उपयोगी पडली. मोटर घेताना कोणी नुसतं 'किती पाणी काढते' विचारत नाही, 'हेड किती' हेही विचारतो. उघड्या हौदात धो-धो पाणी टाकणारी मोटर शंभर फूट वर चढवायला लावली तर थेंब-थेंब. फॅनचं तसंच. खोक्यावरचे सीएफएम हे समोर काहीही अडथळा नसतानाचे असतात. तुमच्या कॅबिनेटमध्ये मात्र समोर जाळी असते, धुळीचा फिल्टर, वायरींचा गुंता, हीटसिंकच्या दाट पट्ट्या. अडथळ्यातून ढकलायची ताकद म्हणजे स्टॅटिक प्रेशर, ती मिलिमीटर पाण्यात मोजतात. पंख्याचं 'हेड'च ते.

एकाच कंपनीचे दोन फॅन घ्या म्हणजे स्पष्ट होईल. नॉक्टुआचा एनएफ-एस१२ए मोकळ्या हवेत सुमारे ६३ सीएफएम देतो, प्रेशर १.१९ मिलिमीटर. त्याच कंपनीचा एनएफ-एफ१२ सुमारे ५५ सीएफएमच देतो, पण प्रेशर २.६१. नुसते सीएफएम बघितले तर पहिला चांगला. हीटसिंकवर किंवा जाळीमागे लावायचा तर दुसरा. पहिला मागच्या मोकळ्या भोकातून हवा बाहेर टाकायला उत्तम. नॉक्टुआ महाग आहे हे मलाही माहीत आहे. आर्क्टिकचा पी१२ स्वस्तात ५६ सीएफएम आणि २.२ मिलिमीटर देतो, मी शेवटी त्या जातीचे घेतले. खोक्यावर प्रेशरचा आकडाच छापलेला नसेल तर तो फॅन ठेवून द्या. माझ्या रंगीत फॅनवर नव्हता.

मग हवा किती लागते? याचं एक सोपं सूत्र आहे. मशीनमधून बाहेर पडणारी एकूण उष्णता वॅटमध्ये घ्या, तिला 'आतली हवा खोलीपेक्षा किती अंश गरम चालेल' या आकड्याने भागा आणि १.९ ने गुणा. उत्तर सीएफएममध्ये. (पुस्तकात १.७६ च्या आसपासचा गुणक सापडेल, तो थंड, घट्ट हवेचा. आपली उन्हाळ्यातली हवा विरळ, म्हणून थोडी जास्त लागते.) माझ्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे प्रोसेसरचे १४९ आणि बाकी सगळ्याचे पन्नासेक, मिळून २०० वॅट. आठ अंश चालतील म्हटलं तर साधारण ४८ सीएफएम. पाच अंशच हवे तर ७६. जाळीमागे फॅन खोक्यावरच्या निम्मी हवा देतो असं धरून चाला. म्हणजे पुढे दोन आणि मागे एक, बस. चौथा-पाचवा फॅन लावून तीन अंशांपैकी एखादा अंश मिळतो आणि आवाज मात्र पूर्ण मिळतो.

आवाजाचं गणित साक्रीकरांना वेगळं सांगायला नको, कारण ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आपण लहानपणापासून बघतोय. वारा दुप्पट झाला तर वाऱ्यातली शक्ती आठपट होते. फॅनमध्ये हेच उलट्या बाजूने: वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट, वीज आठपट, आणि आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. याउलट तसाच दुसरा फॅन शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक छोटा फॅन २५०० आरपीएमवर किंचाळवण्यापेक्षा दोन १२० मिलिमीटरचे फॅन हजार-बाराशेवर चालवणं केव्हाही शहाणपणाचं. माझ्या कॅबिनेटला मागे ८० मिलिमीटरचंच भोक होतं. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या काकांनी ते पाच मिनिटांत मोठं करून दिलं. आधी मदरबोर्ड बाहेर काढा हे मात्र सांगायलाच हवं, लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर सगळं संपलं.

जुन्या बोर्डावर फॅनचे चार पिनांचे आणि तीन पिनांचे असे दोन प्रकारचे कनेक्टर असतात. चार पिनांचा फॅन तीन पिनांच्या जागी बसतो आणि फिरतोही, फक्त त्याचा वेग चौथ्या पिनेच्या सिग्नलऐवजी व्होल्टेज कमी-जास्त करूनच बदलता येतो. एका कनेक्टरमधून सहसा एक अँपिअरपेक्षा जास्त ओढू नये. साधे दोन फॅन सहज चालतात, एलईडीच्या माळा नाही.

आता धूळ. गावातून जाणारा सुरत-नागपूर महामार्ग आणि उन्हाळ्याच्या वावटळी यांनी मिळून माझ्या पहिल्या हीटसिंकची काय अवस्था केली होती ते फोटो न टाकलेलाच बरा. पट्ट्यांमध्ये वाकळेसारखा थर. कितीही चांगला फॅन असो, पट्ट्या बुजल्या की तो हवा नुसती जागच्या जागी घुसळतो. यावर उपाय म्हणजे हवा आत घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवायचे. मग आत किंचित दाब राहतो, फटींमधून हवा बाहेर जाते, आणि धूळ फक्त पुढच्या जाळीतून यायचा प्रयत्न करते. तिथे मी मच्छरदाणीचा तुकडा लावलाय. दर रविवारी धुते. उलट केलं, म्हणजे बाहेर टाकणारेच जास्त ठेवले, तर मशीन व्हॅक्यूम क्लीनर होतं.

बेअरिंगही बघा. स्वस्त फॅनमध्ये स्लीव्ह बेअरिंग असतं, त्यातलं तेल उष्णतेने लवकर वाळतं, मग घरघर. माझ्या तीन रंगीत फॅनपैकी एक जून संपायच्या आत गेला. बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग असं लिहिलेलं बघून घ्या.

"मग वॉटर कूलिंगच का नाही?" असं माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीने विचारलं. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणक द्रव फिरवूनच गार ठेवतात, हे खरं. पण तिथे द्रवातली उष्णता पुढे नेऊन टाकायची वेगळी सोय असते. घरगुती किटमध्ये पाणी शेवटी रेडिएटरवर येतं आणि रेडिएटरला लावलेला फॅन त्याच खोलीतली ४० अंशांची हवा मारतो. खालची पायरी तीच राहिली.

आणि इथेच माझं डोकं ठिकाणावर आलं. चांगले फॅन बसवून, जाळी, पेस्ट, सगळं करून मला मिळाले सहा-सात अंश. खोलीतून किती मिळू शकतात? मेच्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर पाणी उडवून हवा तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरते. आपला गवताचा किंवा हनीकोंबचा कूलर त्यातले सत्तर टक्के अंतर जरी कापू शकला, तरी त्याच्या तोंडाशी हवा २८ अंशांची. खोली तीस-एकतीसवर येते. दहा अंश! बाजारातला कुठलाही फॅन हे देणार नाही. कोकणातल्या माणसाला हा उपाय सांगू नका, तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही.

कूलरच्या हवेने मशीनमध्ये पाणी जमेल का, ही भीती मलाही होती. चालू मशीनचा प्रत्येक भाग हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. धोका आहे तो उडणाऱ्या तुषारांचा, त्यातल्या क्षारांचा. म्हणून मशीन कूलरच्या झोतात ठेवायचं नाही, बाजूच्या भिंतीला ठेवायचं, आणि समोरची खिडकी उघडी. खिडकी बंद ठेवून कूलर लावला की काय होतं ते प्रत्येक खान्देशी माणसाला माहीत आहे. कॅबिनेटच्या मागचा फॅन म्हणजे तीच उघडी खिडकी.

दुसरे नऊ-दहा अंश फुकटात मिळाले. वेग ४.४ वरून ४.१ वर आणला, व्होल्टेज १.२२. उष्णता १४९ वॅटवरून ११८ वर. वेगात सात टक्क्यांचा तोटा, उष्णतेत एकवीस टक्क्यांची बचत. शिवाय माझ्या गणनांचा वेळ मेमरीवरही अवलंबून असतो, त्यामुळे चाळीस तासांचं काम ४.४ ला चौतीस तासांत व्हायचं, ते ४.१ ला पस्तीसमध्ये होतं. त्या एका तासासाठी मी एवढा जीव काढत होते.

मशीन रिस्टार्ट होणं तरी बरं, ते दिसतं. मला घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीने. एकाच रचनेची ऊर्जा रात्री चालवलेल्या गणनेत एक आली आणि दुपारी चालवलेल्या गणनेत दुसरी, फरक चौथ्या दशांश स्थानावर. समांतर गणनेत अगदी शेवटच्या आकड्यांत थोडं इकडे-तिकडे होतं, पण इतकं नाही. सरांनी दोन्ही आकडे बघून फक्त विचारलं, "यातला कोणता छापायचा?" एप्रिल-मेमधल्या अकरा गणना मी मूळ वेगावर पुन्हा केल्या. दोन चुकलेल्या निघाल्या. न तपासता त्या प्रबंधात गेल्या असत्या.

तेव्हापासून कुठलंही नवं सेटिंग केलं की तीच एक छोटी गणना मी दोनदा चालवते, एकदा पहाटे चारला आणि एकदा दुपारी तीनला, आणि आकडे शेजारी ठेवून बघते. जुळले तरच पुढे. दुपारची चाचणी टाळू नका, आणि ती जानेवारीत करू नका.

सध्याची स्थिती: कूलर आता मधल्या दारात आहे, अर्धी हवा आजीला, अर्धी मागच्या खोलीला. दुपारी तीनला खोली ३१, प्रोसेसर ७२-७३. आजीची तक्रार आहे की मशीनला जास्त मिळते.