घर, शाळा, शेत आणि चावडी

२४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील एका अभ्यासकेंद्राला कोणी आग लावली. म्हैसूरच्या एका प्राध्यापकाने वर्षानुवर्षे खपून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती त्या आगीत भस्मसात झाल्या. टिपणे होती म्हैसूरजवळच्या दीड हजार वस्तीच्या एका खेड्याविषयीची. दुसरा एखादा खचून गेला असता. या गृहस्थाने मात्र स्नेह्यांच्या सल्ल्यावरून ठरविले की, कागद जळले तरी गाव मनात शाबूत आहे. तेव्हा आठवेल तसे लिहावे. १९७६ साली प्रसिद्ध झालेला ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’, म्हणजे आठवणीतले गाव, हा ग्रंथ अशा रीतीने जन्मास आला. त्याचे लेखक प्रा. म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास. गावाचे खरे नाव झाकून त्यांनी त्याला ‘रामपुरा’ म्हटले आहे.

वाचकहो, समाजशास्त्र हा शब्द कानी पडताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जाडजूड पुस्तके आणि त्यांहूनही जड परिभाषा उभी राहते. वास्तविक हे शास्त्र ज्या गोष्टींचा प्रामुख्याने विचार करते, त्या आपल्या उंबरठ्याच्या आतबाहेरच आहेत : कुटुंब, शिक्षण, श्रम आणि सत्ता. खेड्याच्या भाषेत बोलायचे तर घर, शाळा, शेत आणि चावडी. आपण यांना चार निरनिराळी दालने समजतो. म्हैसूरच्या परिसरात झालेले अभ्यास मात्र सांगतात की, हे एकाच दोराचे चार पेड आहेत. एकाला ताण बसला की उरलेले तीन हलल्यावाचून राहत नाहीत.

घर

श्रीनिवासांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी म्हैसूर शहरात झाला. तेथील महाराजा कॉलेजातून पदवी घेऊन ते मुंबई विद्यापीठात आले. मालवणचे सुपुत्र डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी लिहिलेला पहिला प्रबंध म्हैसूरमधील विवाह आणि कुटुंब याच विषयावर होता. १९४२ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली साऱ्या भारतातील आप्तसंबंधांचा आलेख मांडला.

त्यांनी दाखविलेला एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. उत्तरेकडे मुलगी बहुधा परक्या गावात, परक्या घरात दिली जाते. तेथे ती डोक्यावरचा पदर सावरीतच वावरते. म्हैसूरसारख्या दक्षिणेकडील मुलखात मुलगी मामाच्या किंवा आत्याच्या घरी देण्याची चाल होती, क्वचित सख्ख्या मामालाही देत. तेथे सासू म्हणजे लहानपणापासून ओळखीची बाई. महाराष्ट्र या दोन्हींच्या सीमेवर. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. अशा जवळच्या नात्यातील विवाहांचे आनुवंशिक धोके आज वैद्यकशास्त्र सांगते, म्हणून ही चाल स्तुत्य होती असे येथे सुचवायचे नाही. मुद्दा एवढाच की, नव्या सुनेचा शब्द घरात किती चालावा हे केवळ तिच्या स्वभावावर अवलंबून नसते. विवाहाची रीत ते आधीच पुष्कळसे ठरवून ठेवते.

दुसरा भेद घर आणि कुटुंब यांतला. एका चुलीवर जेवतात ते घर. पण कुटुंब त्याहून मोठे असते. प्रा. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा गावच्या अभ्यासात दाखवून दिले की, चुली वेगळ्या झाल्या तरी मालमत्ता, परस्परांची मदत आणि कर्तव्ये यांनी भाऊ बांधलेले राहतात. तेव्हा थोरला मुंबईस आणि धाकटा गावी राहू लागला, एवढ्यावरून एकत्र कुटुंब मोडले म्हणून हळहळणाऱ्याने आधी पाहावे की, संकटकाळी पैसे कोण कोणाला पाठवितो.

शाळा

श्रीनिवासांचे वडील अरकेरे नावाच्या गावचे. मुलांचे शिक्षण व्हावे म्हणून ते गावचे घर सोडून म्हैसुरास आले. किती सहज लिहिले जाते हे वाक्य! पण गाव सोडून शहरात बिऱ्हाड मांडण्याची ऐपत आणि शिक्षणाने दिवस पालटतात हा अनुभव, ही दोन्ही पदरी असणारी घरे त्या काळी किती होती? श्रीनिवासांच्या घराच्या मागेच बंडीकेरी नावाची धनगर-मेंढपाळांची वस्ती होती. चार पावलांवरचे ते जग आपल्या जगाहून किती निराळे आहे, याचा बालपणी बसलेला धक्का त्यांनी पुढे नमूद केला आहे.

म्हैसूर संस्थान शिक्षणात पुढारलेले गणले जाई. १९१६ सालीच तेथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. तथापि विद्यापीठ उघडले म्हणून त्याचे दार सर्वांना सारखेच जवळ होते असे नव्हे. सरकारी नोकऱ्या एकाच वर्गाच्या हाती एकवटल्याची तक्रार होऊ लागली, तेव्हा चौथे कृष्णराज वाडियार महाराज यांनी १९१८ साली सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि मागासलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत व शिक्षणात सवलतींचा मार्ग मोकळा झाला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. १९०२ सालीच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले होते.

शाळा ही शिडी खरीच. परंतु शिडीचा पहिला पाय ज्याच्या अंगणात टेकलेला असतो, त्याला ती चढणे सोपे जाते. बापाने ठेवलेली जमीन सर्वांना दिसते. बापाने ठेवलेली पुस्तकांची सवय दिसत नाही, पण तीही वारसाच होय.

शेत

आता शहर सोडून म्हैसूर–मंड्या भागातील शेतांकडे वळू. कावेरीवरील कृष्णराजसागर धरण १९३२ साली पुरे झाले, आणि त्याच्या कालव्यांनी मंड्याचा कोरडवाहू मुलूख उसाने हिरवा केला. १९५४ ते १९५६ या काळात स्कार्लेट एपस्टाइन या विदुषीने तेथील दोन शेजारी खेड्यांचा अभ्यास केला. वांगला आणि दलेना ही तिने योजलेली काल्पनिक नावे. वांगल्याच्या शेतांत कालव्याचे पाणी आले. दलेन्याची जमीन कालव्याहून उंचावर, म्हणून ती कोरडीच राहिली.

कोणते गाव अधिक बदलले असेल? आपण म्हणाल, पाण्याचे. प्रत्यक्षात घडले उलटे! वांगल्यात पैसा आला, पण शेतीच करायची असल्याने जमीनवाला आणि त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारा मजूर यांचे जुने नाते तसेच टिकले, किंबहुना अधिक घट्ट झाले. दलेन्याच्या लोकांना मात्र बाहेर पाहावे लागले. कोणी मंड्यास नोकरी धरली, कोणी गाडीभाडे करू लागला, कोणी दुसऱ्या गावी जमीन घेतली. तेथे जुने बंधन सैल झाले, आणि त्याबरोबर मजुराला असलेला जुना आधारही. आपल्या बलुतेदारीचे असेच झाले नाही काय? सुताराला रोख मजुरी मिळू लागली, पण खळ्यावरचे धान्य बंद झाले. पैसा आला म्हणजे माणसांतील नाती आपोआप बदलतात हा समज चुकीचा आहे. पैसा कोणत्या कामातून आला, यावर ते ठरते.

श्रमाची आणखी एक बाजू आहे, ती थेट स्वयंपाकघरात नेऊन पोचविते. १९५२ साली कोडगूच्या लोकांवरील ग्रंथात श्रीनिवासांनी ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना मांडली. एखादी जात वर चढू पाहते तेव्हा ती वरच्या जातींचे आचार, आहार आणि विधी उचलते, असा तिचा आशय. अनुकरणाने जातीचे नियम खालवर पसरतात हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सांगितले होतेच. पुढे १९५६ साली नागपुरास त्यांनी दाखविलेला मार्ग मात्र अनुकरणाचा नव्हता, ती उतरंडच नाकारण्याचा होता. या चढण्याची किंमत बहुतेक वेळा स्त्रीने मोजली. घर सुधारले की प्रथम तिचे शेतावर जाणे बंद होई, विधवेचा पाट बंद होई, बंधने वाढत. घराची प्रतिष्ठा वाढली. तिची मजुरी आणि तिच्याबरोबर घरातील तिचा शब्द कमी झाला.

आजही जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणारी’ म्हणूनच नोंदली जाते. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात, तर पुरुष ९७ मिनिटे, असे आढळून आले. जवळजवळ पाच तासांचे हे काम काम नव्हे, असे कोण म्हणेल?

चावडी

आता रामपुऱ्याच्या चावडीवर येऊ. १९४८ साली श्रीनिवास तेथे राहिले, तेव्हा धार्मिक मानाने ब्राह्मण वर होते; परंतु तंटा तोडण्याचा, वाटणी करून देण्याचा, दंड करण्याचा अधिकार वक्कलिग शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांकडे होता. त्यांची संख्या गावाच्या निम्म्याच्या घरात होती, आणि बहुतेक जमीन त्यांचीच. संख्या, जमीन आणि अधिकार, व पुढे शिक्षण व नोकऱ्याही, ज्या जातीकडे एकवटतात तिला त्यांनी ‘प्रभुत्वशाली जात’ असे नाव दिले. पोथीतली उतरंड एक आणि बांधावरची उतरंड दुसरी, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून सांगितले.

त्यांच्या १९५५ सालच्या एका निबंधातून आणखी एक शब्द आपल्या राजकारणात आला : ‘व्होट बँक’, म्हणजे मतपेढी. एखाद्या जातीची एकगठ्ठा मते, असा अर्थ आज आपण घेतो. मूळ अर्थ निराळा होता. ज्याच्याकडे कूळ म्हणून जमीन कसायची, ज्याच्याकडून अडीनडीला कर्ज घ्यायचे, त्या मातब्बराच्या शब्दावर पडणारी मते ती मतपेढी. म्हणजे मतदानाच्या खोलीत जाणारा माणूस एकटा दिसतो, पण त्याच्याबरोबर त्याचे शेत, त्याचे कर्ज आणि त्याचे घरही आत जाते.

म्हणूनच चावडी बदलायची तर शेताला हात घालावा लागतो. म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर तालुक्याचे देवराज अर्स १९७२ साली मुख्यमंत्री झाले. ते स्वतः अल्पसंख्य जातीचे. त्यांच्या कारकिर्दीत १९७४ साली कूळकायद्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि हावनूर आयोगाने १९७५ साली मागासवर्गांविषयीचा अहवाल दिला. कुळाच्या हाती जमीन आली की मत देताना त्याचा हात मोकळा होतो. स्त्रियांच्या बाबतीत कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने स्थानिक संस्थांत २५ टक्के जागा राखल्या. १९९३ पासून देशभर किमान एकतृतीयांश जागांची तरतूद झाली. पण ज्या घरात तिचे मत विचारले जात नाही, त्या घरातून ती सरपंच झाली तरी खुर्चीवर कोण बसतो, हे आपण पुष्कळ गावांत पाहिले आहे. चावडीची वाट पुन्हा घरातूनच निघते ती अशी.

श्रीनिवासांनी आपल्या पाहण्याची मर्यादाही लपविली नाही. आपण ब्राह्मण, गावच्या वजनदार मंडळींचे पाहुणे. त्यामुळे वरच्या जातींचे जीवन जितके कळले तितके हरिजन आणि मुसलमान वस्तीचे कळले नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले आहे. पाहणारा कोठे उभा आहे यावर त्याला काय दिसेल हे अवलंबून असते. हा धडा केवळ प्राध्यापकांसाठी नाही.

तेव्हा वाचकहो, आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांनी मिळून चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आपल्या घरी अखेरचा शब्द कोणाचा, आणि का? आपल्या मुलाला शाळेत जे सहज मिळाले, ते आपल्याकडे काम करणाऱ्या बाईच्या मुलाला का मिळाले नाही? घरातील कोणाचे काम आपण कामात धरीत नाही? आणि आपले मत खरोखर आपले असते काय? उत्तरे देताना घरातील सर्वांत धाकट्या सुनेला प्रथम बोलू द्यावे. तिला जेथून दिसते, तेथून आपले घर आपण बहुधा कधी पाहिलेलेच नसते.